लाल अक्षरातला आकडा

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. रात्री साडेदहाला काकांचा फोन. काका म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे मिस्टर, इचलकरंजीला असतात, आणि नऊ वाजता झोपणारा माणूस साडेदहाला फोन करतोय म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला, कारण मावशीला थायरॉइडचा कॅन्सर निघाला होता आणि त्या दोन महिन्यांत आमच्याकडे कुणाचाही फोन वाजला तरी सगळ्यांच्या मनात पहिलं नाव मावशीचंच यायचं. "अगं झोपली नव्हतीस ना? व्हॉट्सॲपवर एक रिपोर्ट टाकलाय तो बघ जरा. लाल अक्षरात आलंय. मावशीला अजून बोललो नाहीये मी." आणि मागून मावशीचा आवाज, "मला ऐकू येतंय हो सगळं."

रिपोर्ट उघडला. अकरा पानांची पीडीएफ. पहिल्या पानावर सूर्योदय आणि हसणारं कुटुंब, आणि मग पाचव्या पानावर 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल'. एमडीए हाय, लाल अक्षरात, बाजूला वर जाणारा बाण. टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी लो, तीही लाल. खाली हिरवा-पिवळा-लाल असा पट्टा आणि काटा लालमध्ये पार शेवटाला टेकलेला. काकांनी कुठलीशी ऑफर बघून स्वतःच पॅकेज बुक केलं होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, काकांनी त्याला चहा पण पाजला.

मावशीने फोन हातात घेतला आणि एकच विचारलं, "परत आलाय का गं?"

आता ह्यात गंमत अशी (गंमत म्हणायचं का माहीत नाही) की अख्ख्या खानदानात ह्या एमडीए नावाच्या वस्तूशी ज्याचा संबंध आलाय असं माणूस म्हणजे मी एकटीच. एमएस्सीला माझं डिझर्टेशनच ह्याच्यावर होतं, थायरॉइडच्या पेशंटच्या रक्तात एमडीए (खवट झालेल्या फॅटचा तुकडा, पुढे सांगते) किती, एसओडी किती, कॅटलेज किती (ही दोन पेशीला सांभाळणारी एंझाइम्स) वगैरे. आज मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री सेक्शन बघते, म्हणजे धंदा आमचाच. त्या रात्री तासभर मी मावशीशी बोलले. तेच सगळं जरा सावकाश इथे लिहितेय कारण नंतर ओळखीतल्या अजून दोघींनी असेच रिपोर्ट पाठवले.

आधी मावशीचं. मे महिन्यात एका लग्नाला जाताना गळ्यात तन्मणी घालत होती, फासा नेहमीच्या ठिकाणी बसेना, आरशात बघितलं तर उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ, गिळताना वरखाली होणारी. सोनोग्राफी झाली, मग एफएनएसी म्हणजे सुई घालून पेशी काढायची टेस्ट, त्यात बेथेस्डा सहा आलं. ह्या पद्धतीत एक ते सहा असे गट असतात आणि सहा म्हणजे कॅन्सरच. पॅपिलरी. थायरॉइडच्या दहा कॅन्सरमधले आठ तरी ह्याच प्रकारचे असतात आणि बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळतो, बहुतेक वेळा हळू वाढणारा आणि आटोक्यात येणारा. पण 'त्यातल्या त्यात चांगला कॅन्सर' हे वाक्य पेशंटला कुणी ऐकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मावशीला ते सात जणांनी ऐकवलं आणि प्रत्येक वेळी ती आत जाऊन रडली.

आषाढात ऑपरेशन झालं, पूर्ण थायरॉइड काढला. पुढे रेडिओआयोडीन म्हणजे उरलेल्या पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं, त्यासाठी थायरॉइडची गोळी मुद्दाम सुरू केली नव्हती, चार आठवडे तसंच राहायचं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, तीसच्या वर गेला की उरल्यासुरल्या पेशी आयोडीनसाठी हपापतात, हा त्यामागचा हिशोब. शिवाय खाण्यात आयोडीन बंद. आपल्याकडे मीठ म्हणजे आयोडीनचंच, त्यामुळे वाण्याकडे आयोडीन नसलेलं मीठ मागितलं की तो आपल्याकडे संशयाने बघतो. दूध बंद, अंडं बंद, मासे बंद. मावशी सुजली होती, आवाज जड, श्रावणात स्वेटर घालून बसलेली. आणि नेमकं ह्याच चार आठवड्यांत काकांनी ते पॅकेज बुक केलं.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आता ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय. मावशीने जो अर्थ काढला तो ऐकून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. स्ट्रेस म्हणजे टेन्शन. काकांचे चार माग विकावे लागले, मुलीचं लग्न जमता जमता मोडलं, ती दोन वर्षं रात्र रात्र जागी असायची, आणि आता रिपोर्टच सांगतोय स्ट्रेस हाय आहे, म्हणजे हा आजार मीच ओढवून घेतला. काका पण तेच, "मी हिला कायम सांगायचो, टेन्शन घेऊ नकोस म्हणून." अहो काका, ह्या स्ट्रेसचा त्या टेन्शनशी संबंध नाही हो! हेल्मुट झीस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९८५ च्या सुमाराला हा शब्द रुळवला तो पेशीतल्या केमिस्ट्रीसाठी. पेशीत ऑक्सिजनपासून काही चळवळे रेणू तयार होत असतात, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे, आणि त्यांना आवरणारी अँटिऑक्सिडंट यंत्रणा पण पेशीतच असते, ह्या दोघांचा तोल पहिल्या बाजूला कलला की त्याला हे नाव. मागाचा आणि लग्नाचा आकडा त्यात कुठेही येत नाही. हे मी मावशीला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मग नाव असलं कशाला ठेवलं मेल्यांनी?" मला काही उत्तर सुचलं नाही.

थायरॉइडची ह्यात एक खास भानगड आहे. बाकी अवयवांत हायड्रोजन पेरॉक्साइड हा बऱ्यापैकी उपद्रव, थायरॉइडला मात्र तो कामासाठीच लागतो. तुम्ही लहानपणी गुडघा फुटल्यावर जे ओतायचे आणि फसफस फेस यायचा, तेच पेरॉक्साइड. थायरॉइडच्या पेशींत ड्युऑक्स नावाची एंझाइम्स ते बनवतात, मग टीपीओ म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेज ते वापरून आयोडीनला थायरोग्लोब्युलिन नावाच्या प्रोटीनवर चिकटवतं आणि त्यातून टी३ टी४ हार्मोन तयार होतात. म्हणजे ह्या ग्रंथीत जन्मभर चूल पेटलेली. म्हणून तिच्याकडे विझवायची सोय पण तगडी, शरीरात ग्रॅममागे सगळ्यात जास्त सेलेनियम थायरॉइडमध्येच सापडतं, कारण पेरॉक्साइड मोडणाऱ्या ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेजला ते लागतं. चूल आहे तिथे ठिणगी उडणार, ती डीएनएवर पडणार, आणि अशा घावांमधून कधीतरी कॅन्सरची सुरुवात होत असावी असं संशोधक मानतात. उलट्या दिशेनेही हे चालतं. पॅपिलरी कॅन्सरमध्ये ब्राफ नावाच्या जनुकातला एक बदल बऱ्याचदा सापडतो, त्या पेशींत नॉक्स-४ नावाचं अजून एक पेरॉक्साइड बनवणारं एंझाइम वाढलेलं दिसतं आणि आयोडीन आत ओढणारा पंप दबतो. म्हणजे आग आधी का गाठ आधी, दोन्ही.

तर विषय खरा आहे, थोतांड नाही. प्रश्न रक्ताचा आहे. गळ्यातल्या सुपारीएवढ्या गाठीत जे चाललंय ते दंडातून काढलेल्या पाच एमएल रक्तात दिसतं का?

एमडीए म्हणजे मॅलॉनडायल्डिहाइड. दिवाळीची शेव डब्याच्या तळाशी राहिली आणि संक्रांतीला तोंडात टाकली तर कशी लागते? खवट. तेलातल्या फॅटचं ऑक्सिडेशन. तेच आपल्या पेशींच्या आवरणातल्या आणि रक्तातल्या फॅटचं होतं आणि त्यातून जे तुकडे पडतात त्यातला एक हा एमडीए. आम्ही जी टेस्ट करायचो ती मुळात खाण्याच्या पदार्थांचा खवटपणा तपासायला पण वापरतात, थायोबार्बिट्युरिक ॲसिडची, लॅबमध्ये सगळे टीबीए म्हणतात.

ती कशी करायची ते सांगते कारण माझ्या दोन वर्षांतला तो सगळ्यात आवडता भाग. सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) घ्यायचं, ॲसिड घालायचं, टीबीए घालायचं, टेस्ट ट्यूब उकळत्या वॉटर बाथमध्ये ठेवायची. वाफ जाऊन आतलं पाणी आटू नये म्हणून ट्यूबच्या तोंडावर काचेची गोटी ठेवायची. कॉलेजच्या स्टोअरमध्ये गोट्या मिळायला इंडेंट द्यायचा, तो मंजूर व्हायला तीन महिने, म्हणून मी जत्रेतून वीस रुपयांच्या गोट्या आणल्या होत्या, निळ्या-हिरव्या धारीवाल्या, आणि बाथ उकळायला लागला की त्या सगळ्या ट्यूबच्या तोंडावर टकटक टकटक वाजायच्या. तासाभराने बाहेर काढून थंड करायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, आणि वर जो द्राव राहतो तो गुलाबी. कोकम सरबतात चुकून दुप्पट पाणी पडल्यावर दिसतो तसा फिकट गुलाबी. मग ५३२ नॅनोमीटरला रीडिंग. जितकं गुलाबी तितका एमडीए.

आणि ह्या गुलाबी रंगाने मला कसं फसवलं ते आता.

माझे चाळीस पेशंट होते आणि चाळीस कंट्रोल, म्हणजे धडधाकट माणसं. पेशंट काय एका दिवसात मिळत नाहीत, ऑपरेशनच्या लिस्टवर नाव आलं की आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन रक्त घ्यायचं, सिरम वेगळं करायचं, छोट्या व्हायलमध्ये भरून फ्रीझरमध्ये. असे नऊ महिने. फ्रीझर उणे वीसचा, खरं तर उणे ऐंशीचा हवा. तो पण जुना, रबर फाटलेलं, दाराला स्टूल टेकवून बंद ठेवायचा. गावात तेव्हा लोडशेडिंग होतं, आणि जनरेटर ऑपरेशन थिएटरला, आमच्या डिपार्टमेंटला नाही. कंट्रोल मात्र मी शेवटच्या पंधरा दिवसांत उरकले, ज्युनिअर पोरं, हॉस्टेलच्या मैत्रिणी, दोन शिपाई, बिस्किटाचा पुडा दिला की हात पुढे. मग सगळे ऐंशी एकदम करून टाकले. पेशंटच्या ट्यूब गुलाबी, कंट्रोलच्या जवळजवळ पाण्यासारख्या. पी व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसणं हजारात एकदाही कठीण! मी त्या संध्याकाळी सगळ्यांना वडापाव दिला.

दुसऱ्या दिवशी गाईड सरांनी टेबलावर शीट बघितलं, चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, "कंट्रोलचं ब्लड कधी घेतलंस?"

मला कळायला अर्धा मिनिट लागला. सिरम फ्रीझरमध्ये नऊ महिने पडून, त्यात दर दोन दिवसांनी लाइट जाऊन अर्धवट वितळून परत गोठून, ते स्वतःच खवट होत होतं. माझा पी व्हॅल्यू कॅन्सर आणि निरोगी ह्यांच्यातला नव्हताच, तो जुनं सिरम आणि ताजं सिरम ह्यांच्यातला होता. वर पेशंटचं सरासरी वय पंचेचाळीस आणि माझे कंट्रोल बावीस वर्षांचे हॉस्टेलवाले. अजून एक, आम्ही सिरम घेत होतो म्हणजे प्लेन बल्बमध्ये रक्त गोठू द्यायचं, आणि गोठताना प्लेटलेट्स स्वतःच थोडा एमडीए तयार करतात, त्यामुळे कुणाचं रक्त किती वेळ बल्बमध्ये तसंच पडून राहिलं ह्यानेही फरक पडणार. कॅटलेजचं तर विचारूच नका. तांबड्या पेशी कॅटलेज आणि एसओडीने गच्च भरलेल्या असतात, जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर जो फेस येतो तो त्या कॅटलेजचाच, आणि सुई बारीक असली किंवा सिरिंज जोरात ओढली की पेशी फुटतात, सॅम्पल लालसर होतं, ज्याला आम्ही हिमोलाइज झालं म्हणतो, की झालं, आकडा आकाशाला. मी अशी सात सॅम्पल तरी 'बघा किती ॲक्टिव्हिटी' म्हणून धरली होती.

सगळं परत केलं. वयाला वय जुळवून कंट्रोल घेतले, सॅम्पल आलं की आठवड्याच्या आत टेस्ट. सहा महिने पुढे गेले, माझं एक लग्नाचं स्थळ त्यात हातचं गेलं (ते बरंच झालं). शेवटी फरक उरला, पेशंटच्या बाजूला एमडीए थोडा जास्तच, पण दोन्ही गटांचे ठिपके आलेखावर एकमेकांत इतके मिसळलेले की ठिपका दाखवून विचारलं हा कोणाचा, तर मला सांगता आलं नसतं.

जगभरातले पेपर वाचले की ढोबळ सूर असाच दिसतो. थायरॉइड कॅन्सरच्या पेशंटमध्ये एमडीए सरासरीने जास्त, काहींनी ऑपरेशननंतर तो उतरल्याचं दाखवलंय. एसओडी, कॅटलेज ह्यांच्यावर एकमत नाही, कुणाकडे वाढलेलं, कुणाकडे कमी. तुर्कस्तानातून ह्या विषयावर बरंच काम आलंय, तिथल्या ओझजान एरेल ह्यांनी २००४ साली टोटल अँटिऑक्सिडंट आणि २००५ साली टोटल ऑक्सिडंट मशिनवर मोजायची पद्धत काढली आणि तेव्हापासून हे आकडे काढणं फारच सोपं झालं. डीएनएचा घाव मोजणारा ८-ओएचडीजी आहे, फॅटचाच पण एमडीएपेक्षा पुष्कळ भरवशाचा आयसोप्रोस्टेन आहे. ही सगळी कामं गटांची. कोल्हापूरकर सरासरीने पुणेकरांपेक्षा तिखट खातात हे मान्य आहे ना? मग आता समोरच्या ताटातल्या मिरच्या मोजून जेवणारा कुठला ते सांगा. माझा पुण्याचा नवरा कांदाभजीबरोबर चार मिरच्या खातो.

मावशीच्या रिपोर्टमध्ये तर ताटात बाकीचंच इतकं होतं. टीएसएच वाढलेला, थायरॉइडची गोळी नाही, अशात कोलेस्टेरॉल चढतं. त्याच पीडीएफच्या सातव्या पानावर तिचं कोलेस्टेरॉल २७४ होतं, ते कुणी बघितलंच नाही कारण सगळे पाचव्या पानावर अडकलेले. तेल जास्त असेल तर खवट व्हायलाही जास्त. नुसत्या हायपोथायरॉइडमध्येही एमडीए वाढलेला सापडतो. महिन्याभरापूर्वी मोठं ऑपरेशन झालेलं, जखम भरत होती. आणि मावशीला शुगर आहे, सात वर्षं, ती एकटी पण एमडीए वर न्यायला पुरेशी. ह्यातल्या प्रत्येकाने लाल बाण आला असता, कॅन्सरचा एक कणही शिल्लक नसता तरी.

आणि ती अँटिऑक्सिडंट कपॅसिटी लो. काका त्यालाच जास्त घाबरले होते, 'प्रतिकारशक्तीच संपली म्हणायची.' सिरमच्या ह्या टेस्टमध्ये जे मोजलं जातं त्यात मोठा वाटा युरिक ॲसिडचा असतो! म्हणजे ज्याचा अंगठा गाऊटने टम्म सुजलाय त्याची कपॅसिटी झकास येऊ शकते. हे सांगितल्यावर काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "पैसे गेले म्हणायचे."

पैसे तिथेच संपले नव्हते. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर सल्ला होता, अँटिऑक्सिडंट सप्लिमेंट घ्या, आणि काकांनी तोपर्यंत सेलेनियम, व्हिटॅमिन ई, द्राक्षाच्या बियांचा अर्क आणि गव्हांकुराची पावडर असं सगळं आणून ठेवलेलं. इथे मात्र मी जरा आवाज चढवला. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर एक मोठी ट्रायल झाली होती, बीटा कॅरोटीन दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल ह्या आशेने, १९९४ साली निकाल आला तर कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त. अमेरिकेत सेलेक्ट नावाची ट्रायल, पस्तीस हजार पुरुष, सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई, प्रोस्टेटचा कॅन्सर टळावा म्हणून, आणि २०११ च्या निकालात नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत तो १७ टक्के जास्त निघाला. ह्या ट्रायल थायरॉइडच्या नाहीत हे खरं. पण अँटिऑक्सिडंट म्हणजे घेतलं तर फायदा नाहीतर निदान तोटा तरी नाही, ही जी समजूत आहे ती तिथे पार आडवी झाली. शिवाय रेडिओआयोडीन पेशी मारतं त्यात ह्याच चळवळ्या रेणूंचा मोठा हात असतो. बाकीच्या शरीराला त्रास कमी व्हावा म्हणून व्हिटॅमिन सी किंवा ई द्यावं का, कधी द्यावं, ह्यावर अभ्यास झालेत, पण तो निर्णय न्यूक्लिअर मेडिसिनवाल्या डॉक्टरांनी घ्यायचा, काकांनी नाही. सगळे डबे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायला लावले. त्यांनी सगळे बंद केले.

त्या डब्यांच्या मागे एक छोटी बाटली होती, ती माझ्या मावसबहिणीने आईसाठी आणलेली, केस गळतात म्हणून. बायोटिन, दहा हजार मायक्रोग्रॅम. मला खरं टेन्शन आलं ते ही बाटली फोटोत बघून. बऱ्याच मशिनवर थायरॉइडच्या टेस्ट बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जोडीवर चालतात, एक दुसऱ्याला घट्ट पकडतं ह्या तत्त्वावर, आणि रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ही पकड बिघडते, टीएसएच खोटा कमी येतो, थायरोग्लोब्युलिन पण खोटं कमी येतं. २०१७ साली अमेरिकेच्या एफडीएने ह्याबद्दल इशारा दिलेला आहे. थायरॉइड काढल्यावर हा कॅन्सर परत येतोय का हे ज्या टेस्टवर बघतात ती म्हणजे नेमकी हीच, थायरोग्लोब्युलिन, बरोबर अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडी, कारण त्या असल्या तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि मानेची सोनोग्राफी. थायरोग्लोब्युलिन फक्त थायरॉइडच्याच पेशी बनवतात, साध्या असोत नाहीतर कॅन्सरच्या, त्यामुळे ग्रंथीच नाही तर ते पण जवळजवळ नसायलाच हवं. एमडीएची ह्यात कुठे जागाच नाही. म्हणून टेस्टच्या निदान दोन दिवस आधी केसांच्या गोळ्या बंद, आणि रक्त घेणाऱ्याला 'कुठल्या गोळ्या चालू आहेत' हे त्याने नाही विचारलं तरी आपणच सांगायचं. आमच्या लॅबमध्ये मी आता हे काउंटरवर छापून लावलंय, मराठीत, मोठ्या अक्षरात.

रेडिओआयोडीनला नेताना मावशीने गाडीत विचारलं, चेर्नोबिलला पोरांना ज्याने कॅन्सर झाला तेच मला पाजणार का गं? कुणीतरी तिला व्हिडिओ पाठवलेला. तेच, हो, आयोडीन-१३१, १९८६ साली तिथे ते दुधातून लहान मुलांच्या चांगल्या थायरॉइडमध्ये गेलं होतं, आणि तिच्या अंगात चांगलं थायरॉइड उरलेलंच नव्हतं, फक्त शोधून मारायच्या पेशी होत्या. आठ दिवसांनी ते निम्मं होतं, परत आठ दिवसांनी त्याचं निम्मं. मुंबईला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून आयोडीनचं काम चाललंय हे सांगितल्यावर ती म्हणाली, म्हणजे माझ्या आधीपासून. मग गप्प बसली. हॉस्पिटलच्या वेगळ्या खोलीत तीन दिवस, बाहेर काका खुर्ची टाकून, आणि दाराच्या आतून बाहेरून दोघांचं भांडण चालू, घरची किल्ली कुणाकडे आहे ह्यावरून.

परवा सहा महिन्यांची टेस्ट झाली. आता ती रोज पहाटे साडेपाचला उपाशीपोटी गोळी घेते आणि साडेसहापर्यंत चहाकडे बघत बसते. बायोटिन महिनाभर आधीच बंद केलेलं. रिपोर्ट आला आणि काकांचा परत फोन, ह्या वेळी भर दुपारी, आवाज कापतोय, "अगं, परत लाल आलंय. थायरोग्लोब्युलिन. खाली बाण आहे."

मी फोटो बघितला. ०.१ पेक्षा कमी. अँटिबॉडी निगेटिव्ह. लॅबच्या कॉम्प्युटरला काय माहीत ह्या बाईला थायरॉइडच नाही, त्याने आपला थायरॉइड असलेल्या माणसांच्या रेंजशी ताडून बघितलं, कमी दिसलं, आणि लाल करून टाकलं. काकांना म्हटलं, अहो हेच तर हवं होतं आपल्याला, ह्याच्यासाठीच तर सगळं केलं. पलीकडे काहीच आवाज नाही. मग नाक ओढल्याचा आवाज. मग मावशीने फोन घेतला.

"ह्यांना आता एकदाच नीट सांगून ठेव बाई," ती म्हणाली, "लाल दिसलं की रडायचं का पेढे आणायचे ते आधी तुला विचारायचं म्हणून."